वाय-फाय रांगतंय? लिनक्सला शिव्या देण्याआधी...

मोबाइलवर फुल रेंज, शेजारच्या कॉटवर विंडोजवाल्याचा पिक्चर सुसाट, आणि आपल्या लिनक्सवर साधं पान उघडायला दोन मिनिटं! हॉस्टेलमध्ये हे दृश्य नवीन नाही. मग सल्लागार जमतात. एक म्हणतो, "काढून टाक ते लिनक्स." दुसरा म्हणतो, "नवीन अ‍ॅडॉप्टर घे." उद्या सबमिशन किंवा ऑनलाइन टेस्ट असेल तर माणूस यातलं काहीही करून बसतो. पुष्कळदा दोन्हींची गरज नसते.

मित्रांनो, 'कनेक्शन वीक आहे' हा आजार नव्हे, तो नुसता ताप आहे. कारणं वेगवेगळी असतात: सिग्नल कमी, आजूबाजूला गोंगाट, अ‍ॅडॉप्टरला लागलेली झोप, नाहीतर ड्रायव्हरची भानगड. प्रत्येकाचं औषध वेगळं. म्हणून नियम एकच. आधी मोजा, मग बदला, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

(मराठी विभाग असल्यामुळे कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची.)

१. थर्मामीटर लावा

टर्मिनलमध्ये 'आयडब्ल्यू डेव्ह' टाका. तुमच्या वायरलेस इंटरफेसचं नाव कळेल. मग 'आयडब्ल्यू डेव्ह', पुढे ते नाव, पुढे 'लिंक'. इथे सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. कोपऱ्यातल्या काड्यांवर विसंबू नका. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या याचा सगळीकडे एकच नियम नाही.

आकडा उणे असतो. उणे ५० म्हणजे झकास, उणे ६५ च्या आसपास काम नीट चालतं, उणे ८० म्हणजे रडारड. हे माप लॉगॅरिदमिक आहे. १० डीबी कमी म्हणजे पॉवर एक दशांश. त्यामुळे उणे ५० आणि उणे ८० यांच्यात तीस मार्कांचा नव्हे, हजार पटींचा फरक आहे.

आता 'आयपी राऊट' टाकून 'डिफॉल्ट व्हाया'पुढचा पत्ता बघा आणि त्याला पिंग करा. तो तुमचा गेटवे, बहुधा राउटरच. तिथपर्यंत पिंग स्थिर असेल आणि तरीही साइट उघडत नसतील, तर दोष बहुतेक अ‍ॅडॉप्टरमध्ये नाही, पुढच्या लाइनमध्ये किंवा डीएनएसमध्ये आहे. अशा वेळी ड्रायव्हर उचकटण्यात काही अर्थ नाही.

२. आकडाच खराब असेल तर

आधी जागा बदलून बघा. आरसीसीची भिंत, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी हे सगळे सिग्नलचे शत्रू. नखाएवढ्या यूएसबी अ‍ॅडॉप्टरमधला अँटेनाही तेवढाच चिमुकला असतो, आणि तो डेस्कटॉपच्या मागे, पत्र्याला चिकटून बसतो. हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेंशन केबल लावून तो टेबलावर आणा. सगळ्यात स्वस्त उपाय हाच.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. दिसणारा आकडा राउटरकडून येणाऱ्या सिग्नलचा असतो. बोलणं मात्र दोन्ही बाजूंनी होतं. रेक्टर मजल्याच्या टोकावरून ओरडले की आपल्याला ऐकू येतं, पण आपलं "येस सर" त्यांच्यापर्यंत पोचेलच असं नाही. 'लिंक'च्या जागी 'स्टेशन डंप' लिहिलं की 'टीएक्स रिट्राइज' आणि 'टीएक्स फेल्ड' दिसतात. ते भराभर वाढत असतील तर तुमचा आवाज पोचत नाहीये.

३. आकडा चांगला, तरी गाडी अडखळते

हा बहुधा गोंगाटाचा प्रकार. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चॅनेल ५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर आहेत, पण एकेक सिग्नल सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा खातो. म्हणून एकमेकांच्या पायावर पाय न देणारे तीनच चॅनेल उरतात: १, ६ आणि ११. 'एनएमसीएलआय डेव्ह वायफाय लिस्ट' टाकून गर्दी कुठे आहे ते बघा. प्रत्येक खोलीत हॉटस्पॉट चालू असेल तर सगळेच मार खातात. राउटर आणि अ‍ॅडॉप्टर दोघांनाही ५ गिगाहर्ट्झ येत असेल तर तिकडे जा. भिंतीतून तो कमी जातो, पण तिथे जागा भरपूर.

दुसरा छुपा शत्रू म्हणजे यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क. तिची केबल आणि पोर्ट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट सोडतात. इंटेलने २०१२ साली यावर एक श्वेतपत्रिकाच काढली होती. कॉपी सुरू झाली की नेट बसतं असं होत असेल, तर डिस्क आणि अ‍ॅडॉप्टर लांबच्या पोर्टांत लावा. वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असतील तर ब्लूटूथ बंद करूनही बघा.

४. झोपाळू अ‍ॅडॉप्टर

पिंग एकदा २ मिलिसेकंद, एकदा २००, पुन्हा ३ अशी उड्या मारत असेल तर पॉवर सेव्हचा संशय घ्या. बॅटरी वाचवण्यासाठी अ‍ॅडॉप्टर मध्येमध्ये डुलकी घेतो, आणि काही ड्रायव्हरना त्याला वेळेवर उठवणं जमत नाही. 'सुडो आयडब्ल्यू डेव्ह', इंटरफेसचं नाव, 'सेट पॉवर_सेव्ह ऑफ' असं लिहून पुन्हा पिंग करा. फरक पडला तर नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ.डी फोल्डरमधल्या फाइलीत 'कनेक्शन' या विभागाखाली 'वायफाय.पॉवरसेव्ह'ची किंमत २ करा. २ म्हणजे बंद, ३ म्हणजे चालू. बॅटरी थोडी लवकर उतरेल, ते गृहीत धरा.

५. ड्रायव्हर आणि फर्मवेअर

खोक्यावरच्या नावाला भुलू नका, आतली चिप महत्त्वाची. ती यूएसबीसाठी 'एलएसयूएसबी' आणि आतल्या कार्डासाठी 'एलएसपीसीआय' या कमांडने कळते. मग 'सुडो डीएमईएसजी'च्या आउटपुटमध्ये फर्मवेअर लोड झालं नाही अशी तक्रार आहे का ते शोधा. असेल तर फर्मवेअरचं पॅकेज टाका. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये हे नॉन-फ्री फर्मवेअर २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून येऊ लागलं. त्याआधीच्या सीडीवरून टाकणाऱ्यांची इथेच दांडी उडायची.

काही चिपची खोड वेगळीच. रिअलटेकच्या ८७२३बीई चिपवाल्या काही लॅपटॉपमध्ये एकच अँटेना जोडलेला असतो आणि ड्रायव्हर दुसऱ्याच टोकाकडे कान लावून बसतो. राउटरशेजारी बसूनही सिग्नल मरतुकडा! त्यासाठी ड्रायव्हरमध्ये 'अँट_सेल' नावाचा पर्याय आहे. त्याला १ किंवा २ देऊन बघायचं.

देशाचा कोडही तपासा. 'आयडब्ल्यू रेग गेट'मध्ये '००' दिसलं तर अ‍ॅडॉप्टर सगळ्या जगाला चालतील असे सावध नियम पाळतो आणि काही चॅनेलवर गप्प बसतो. भारताचा कोड 'आयएन'. दुसऱ्या देशाचा कोड टाकून पॉवर वाढवण्याचे उद्योग करू नका. ते नियमबाह्य आहे, आणि त्याने राउटरचे कान काही तीक्ष्ण होत नाहीत.

एवढं करूनही नवीन अ‍ॅडॉप्टर घ्यायचाच ठरला, तर ज्याचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्येच आहे अशी चिप निवडा. बाहेरून आणून कंपाइल केलेला ड्रायव्हर पुढच्या कर्नल अपडेटला रुसू शकतो, आणि तोही नेमका परीक्षेच्या आदल्या रात्री.

शेवटचा मुद्दा विद्यार्थ्यांइतकाच स्टाफसाठीही. एकाच खोलीतल्या तीन-चार लॅपटॉपवर आकडा उणे ८० च्या खाली असेल, तर दोष कोणाच्याच लिनक्सचा नाही. तिथे अ‍ॅक्सेस पॉइंटच हलवायला हवा. पण तक्रारवहीत "वाय-फाय चालत नाही" एवढंच लिहिलं तर नेटवर्कचे सर तरी काय करणार? खोली नंबर, वेळ, चॅनेल आणि डीबीएमचा आकडा लिहा. चार खोल्यांनी आठवडाभर असे आकडे लिहिले, तर मजल्याचा नकाशाच तयार होईल. त्यावरून अ‍ॅक्सेस पॉइंट कुठे हवा, हे सांगायला कुणा तज्ज्ञाला बोलवावं लागणार नाही.