पंगतीची जागा (लेखांक 7)

तुमसर तालुक्यात उघड्यावर जेवणावळी होतात अशी दोन ठिकाणे सर्वांच्या परिचयाची आहेत: सिहोऱ्याजवळचे चांदपूर आणि आंबागडच्या डोंगररांगेतले गायमुख. चांदपूरला टेकडीवर मारुतीचे देवस्थान आणि खाली सिंचनाचा विस्तीर्ण तलाव. गायमुखला झऱ्याकाठी महादेव आणि महाशिवरात्रीची यात्रा. येणारे कुटुंब कणीक, वांगी, तांदूळ आणि गंज सोबत घेऊन येते, गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजते आणि झाडाखाली पंगत मांडते. अशा जागेचा आराखडा इमारतीपासून सुरू केला की तो फसतो. सुरुवात पंगतीच्या मापापासून व्हायला हवी.

मांडी घालून बसलेल्या माणसाला रुंदीत साधारण 60 सेंटिमीटर लागतात आणि खोलीत 75. पुढ्यातल्या पत्रावळीचे 40 सेंटिमीटर धरायचे. समोरासमोर दोन ओळी बसवल्या, तर मधून वरणाची बादली घेऊन वाढप्याला जाण्यासाठी 1.2 मीटर वाट ठेवावी लागते. म्हणजे पट्टा साडेतीन मीटर रुंद. ओळीत 50 असे 100 जण बसायला तो 30 मीटर लांब हवा, म्हणजे माणशी सुमारे एक चौरस मीटर. उतारावर एवढा अरुंद पट्टा समपातळी रेषेला धरून सहज काढता येतो, धानाच्या बांध्या एकाखाली एक उतरतात तसा. दोन पट्ट्यांमधली पायरी 45 सेंटिमीटर ठेवली की जमिनीवर बसता न येणाऱ्या म्हाताऱ्यांना तिचेच आसन होते. प्रत्येक पट्ट्याला 100 मीटरला एक मीटर इतका ढाळ पुरतो. पाणी निघून जाते, पण ताक सांडत नाही. एक तरी पट्टा चाकाच्या खुर्चीसाठी 1:12 पेक्षा तीव्र नसलेल्या वाटेने जोडावा. याउलट काँक्रीटचा भलामोठा सभामंडप बांधणे हा सरसकट आढळणारा उपाय आहे, आणि तो बहुधा अनाठायी असतो: वर्षातले चार दिवस अपुरा, उरलेले दिवस ओस.

सावलीचा हिशेब महिन्यावर ठरतो. यात्रा आणि नवसांची गर्दी माघ ते चैत्र या काळात असते, आणि नेमके तेव्हाच इथले जंगल उघडे पडते. साग निष्पर्ण असतो, पळस फुललेला पण पानाविना, मोहही पाने टाकतो. पट्ट्यांच्या आखणीत म्हणून चिंच, आंबा, जांभूळ, वड यांना आधी जागा द्यावी आणि आहेत त्या झाडांभोवती पट्टे वळवावेत. बुंध्याभोवती सिमेंटचा पार बांधून आत भर घालण्याची हौस झाडाच्या जिवावर उठते. बुंध्याची मूळ पातळी बुजली की साल कुजते आणि मुळांना हवा मिळत नाही. फरशीऐवजी दाबलेला मुरूम चांगला.

चुलींची जागा हा सर्वांत अवघड प्रश्न. दिवसा जमीन तापते, तेव्हा वारा पाण्याकडून जमिनीकडे वाहतो. धूर पंगतीवर येऊ नये म्हणून चुली तलावापासून लांब, टेकडीच्या अंगाला असाव्यात, असे वारा सांगतो. पण त्या अंगाला वाळलेल्या पानांचा थर असतो, आणि वनविभाग आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून असा धरतो. तोडगा मधला आहे: चुली पंगतीच्या बाजूला, उघड्या मुरमाड किंवा खडकाळ जागेवर एकत्र ठेवायच्या, जंगलाकडून कमरेएवढी दगडी भिंत घालायची आणि तिच्यापलीकडे जाळरेषा दरवर्षी साफ करायची. राख विझवायला पाण्याची टाकी हाताशी लागते.

खरकटे पाणी तलावात किंवा झऱ्यात जाता कामा नये. ते आधी तेल-तूप अडवणाऱ्या हौदात आणि तिथून कर्दळ लावलेल्या वाळूच्या वाफ्यात सोडतात. राज्यात 2018 पासून थर्माकोलच्या ताटांवर बंदी आहे; पळसाच्या पत्रावळी आणि उष्टे मिळून उत्तम खत होते. त्यासाठी विदर्भातच, पुसदच्या पांढरीपांडे यांनी रूढ केलेले नाडेप टाके पुरे: 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच, भिंतींना हवेची भोके. साधारण चार महिन्यांत खत तयार होते. टाक्याला जाळी हवी, कारण वानरे कोणताही आराखडा मोडून काढतात.

छप्पर फक्त स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि एका छोट्या ओसरीवर. पत्रा मे महिन्यात तापतो, म्हणून कवेलू बरे, तेही चांगल्या उतारावर, कारण इथला पाऊस चार महिन्यांत कोसळतो.

तलावाची कड स्थिर नसते. पावसाळ्यानंतर पाळीपर्यंत भरलेले पाणी उन्हाळ्यात खूप मागे हटते, आणि उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीवर काही बांधण्याचा मोह होतो. 2017 च्या पाणथळ जागांच्या नियमांनी गेल्या दहा वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून 50 मीटरच्या आत पक्के बांधकाम वर्ज्य केले आहे. सिंचनासाठी बांधलेले तलाव त्यातून वगळले असले, तरी चांदपूरला तेवढे अंतर राखावे. शिवाय अशा ठिकाणी जमीन एकाची नसते: काही देवस्थानाची, काही पाटबंधारे विभागाची, काही वनविभागाची. वनजमिनीवर 1980 च्या वन संवर्धन कायद्यानुसार केंद्राच्या मंजुरीशिवाय वनेतर बांधकाम होत नाही, तेव्हा हद्दींची मोजणी आराखड्याच्या आधी करून घ्यावी लागते.