उतारावर स्कुटी ‘सुटते’ तेव्हा



आपल्या गटातल्या कितीतरी जणी आता स्कुटीवर फिरतात. बँक सखी असो, पशुसखी असो, की हप्ता भरायला बँकेत जाणाऱ्या सचिव ताई असोत, स्कुटीशिवाय कुणाचंच भागत नाही. कुणी गटाकडून कर्ज घेऊन गाडी घेतली, कुणी घरच्यांच्या मागे लागून. “गिअरची भानगड नाही, म्हणून सोपी,” असं आपण म्हणतो. सपाट रस्त्यावर ते खरंच आहे. चढ-उतारावर मात्र ही बिनगिअरची गाडी कशी वागते, ते आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं.

मलाही ते उतारावरच कळलं. देवरीहून कोहमाऱ्याला परत येत होते. मागे गटातली एक ताई बसलेली, पायाशी तांदळाचा कट्टा. शशीकरणच्या पहाडीचा उतार लागला. पुढे एक भरलेला ट्रक हळूहळू चाललेला, म्हणून मीही अगदी हळू झाले. आणि एकदम वाटलं, गाडी हातातून सुटली. रेस बंद होती, तरी गाडी पुढे घसरतच होती. मी ब्रेक दाबून धरला तो सोडलाच नाही. थोड्या वेळात जळका वास आला आणि ब्रेक पहिल्यासारखा लागेना. नशिबाने उतार संपला. आम्ही उतरलो आणि बराच वेळ रस्त्याच्या कडेला नुसत्या बसून राहिलो.

गिअर असतो, पण दिसत नाही

स्कुटीला गिअर असतोच. इंजिनाजवळ एक पुली, मागच्या चाकाजवळ दुसरी, आणि दोन्हींवर एक रुंद पट्टा, ज्याला मेकॅनिक ‘बेल्ट’ म्हणतात. वेग वाढला की पुढच्या पुलीतले रोलर बाहेर सरकतात, पुली आवळली जाते आणि गिअर आपोआप बदलतो.

चढ लागला की याच्या उलट होतं. चाकावर जोर आला की मागची पुली आवळते आणि गाडी खालच्या गिअरवर येते. म्हणून चढावर इंजिन ओरडतं, पण गाडी हळू चालते. यात घाबरण्यासारखं काही नाही. रेस एकसारखी ठेवा. पण इंजिन नेहमीपेक्षा जास्त ओरडत असेल आणि गाडी पुढे सरकतच नसेल, तर बेल्ट किंवा क्लच झिजला असेल. मेकॅनिकला दाखवा.

चढावर थांबायची वेळ आली तर गाडी ब्रेकवर धरा. पुष्कळ जणी रेस देऊन गाडी जागच्या जागी तोलून धरतात. तसं केलं तर क्लच घासतो, तापतो आणि लवकर खराब होतो. निघताना डावा ब्रेक धरून हळूहळू रेस द्या, गाडीने ओढ घेतली की ब्रेक सोडा.

बंडी आणि बैल

आता उताराचं. भरलेली बंडी उतारावर आली की बैल मान मागे घेऊन, पाय रोवून तिला थोपवतात. गाडीत हे काम इंजिन करतं. रेस सोडली की इंजिन चाकाला मागे ओढून धरतं.

पण स्कुटीचा क्लच इंजिनाच्या फिरण्यावर चालतो. इंजिन जोरात फिरलं की क्लचचे शू बाहेर फेकले जाऊन पकड घेतात. इंजिन मंदावलं की पकड सुटते. साधारण १० ते १५च्या वेगाखाली हे घडतं, गाडीगणिक थोडं कमी-जास्त. पकड सुटली म्हणजे बैल जुवाखालून निघाले आणि बंडी एकटीच उताराला लागली. माझं त्या दिवशी हेच झालं होतं.

अशा वेळी क्षणभर अगदी हलकी रेस द्यायची आणि लगेच सोडायची. क्लच परत पकड घेतो आणि इंजिन गाडीला धरतं. हे ऐकायला उलटं वाटतं, म्हणून आधी मोकळ्या रस्त्यावर, हलक्या उतारावर, एकटीने करून बघा. ब्रेकवर बोटं असू द्या. वळणावर हा प्रयोग नको.

ब्रेक सतत दाबून ठेवू नका. दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग कमी करा, मग सोडा, परत दाबा. मधल्या वेळात ब्रेक थोडा थंड होतो. जळका वास आला तर कडेला थांबा आणि थंड होऊ द्या. वरून पाणी ओतू नका.

पेट्रोल वाचवायला गाडी बंद?

नाही. गाडी बंद केली की इंजिनाची पकड गेली, सगळा भार ब्रेकवर. आणि २०२० नंतरच्या बहुतेक स्कुट्यांमध्ये उतारावर रेस सोडली आणि इंजिनाची पकड असली की पेट्रोल जवळजवळ जातच नाही. मग वाचवायचं काय?

आणखी एक. मोटारसायकल गिअरमध्ये टाकून उतारावर उभी करता येते. स्कुटी बंद असताना चाक मोकळंच असतं. म्हणून तोंड चढाकडे करून मोठ्या स्टँडवर लावा. पार्किंगचा ब्रेक लॉक असेल तर तोही लावा. लेकरू बसवून “एक मिनिटात येते” म्हणत उतारावर गाडी सोडू नका.

बॅटरीच्या स्कुटीत असा क्लच नसतो. काही गाड्या रेस सोडली की स्वतःच वेग आवरतात, पण बॅटरी पूर्ण भरलेली असली तर तो आवर कमी होऊ शकतो. ब्रेकवर लक्ष हवंच.

भाड्याच्या गाडीत बसताना

पचमढी, चिखलदऱ्याला आपण गाडी करून जातो. आता ऑटोमॅटिक गिअरच्या मोटारीही येतात. त्या ‘डी’वर ठेवल्या की स्वतः गिअर बदलतात, पण पुढे उतार आहे हे त्यांना नेहमी कळत नाही. म्हणून घाट उतरताना ड्रायव्हरने खालचा गिअर लावायला हवा. दांड्यावर ‘एल’, ‘२’ किंवा ‘एम’ असतं ते त्यासाठीच. घाटात कुणी ‘न्यूट्रल’ करत असेल, तर “दादा, गिअरमध्ये ठेवा” असं सांगा. गाडीत आपण आहोत, आपली लेकरं आहेत. सांगायला लाजू नका.

लक्षात ठेवा

१. उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करा.
२. गाडी सुटल्यासारखी वाटली तर हलकी रेस, मग बंद.
३. ब्रेक दाबा-सोडा, धरून ठेवू नका.
४. गाडी बंद करून उतरू नका.
५. दोघी आणि कट्टा एकाच खेपेत नको. दोन खेपा करा.
६. ब्रेक आणि बेल्ट वेळेवर तपासा. कर्जाच्या हप्त्यासोबत दुरुस्तीचे पैसेही दर महिन्याला बाजूला ठेवा.

पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा. ज्या ताईने कालच स्कुटी घेतली, तिला आधी.