बरणीतली साखर, पेल्यातलं सरबत

अमृत कोकमाचा पाक साधारण ४० मिलिलिटर, म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या मापाने चार मापं, पेल्यात ओतायचा आणि वर गार पाणी घालायचं. बहुतेक घरांत सरबताचं प्रमाण हेच असतं. पाकात ६५ टक्के साखर धरली, तर त्या एका पेल्यातून जवळपास ३४ ग्रॅम साखर पोटात जाते. कोलाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीतही साधारण तेवढीच असते. वरून घातलेल्या साखरेपासून मोठ्या माणसाला दिवसातल्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमीच मिळावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं. ते दिवसाला साधारण ५० ग्रॅम होतात, आणि २५ ग्रॅमवर थांबलात तर अधिक बरं. म्हणजे ‘घरचं आहे, घ्या अजून अर्धा पेला’ हा आग्रह तितकासा निरुपद्रवी नाही.

यात कोकमाचा दोष नाही, आणि पाक करणाऱ्या आजीचाही नाही. एवढी साखर बरणीसाठी होती. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि जूनमध्ये कोकणात पाऊस कोसळू लागतो. तेवढ्या पंधरा-वीस दिवसांत जे वाळेल, मुरेल ते आपलं. उरलेलं झाडाखाली कुजणार. साखर ६५ टक्क्यांच्या घरात गेली की फळातलं पाणी ती अशी धरून ठेवते की बुरशीच्या वाट्याला काही येत नाही. मीठही हेच काम करतं. बाजारातल्या बाटल्यांचे नियमही याच गणितावर बेतलेले आहेत: फळाच्या सिरपमध्ये विद्राव्य घटक, म्हणजे मुख्यतः साखर, ६५ टक्के, क्रशमध्ये ५५, स्क्वॅशमध्ये ४०. स्क्वॅश नुसत्या साखरेवर टिकत नाही, म्हणून त्यात परिरक्षक घालावं लागतं. त्यातही पोटॅशियम मेटाबायसल्फाइट कोकम किंवा जांभळाचा रंग उडवतं, म्हणून अशा फळांना सोडियम बेंझोएट वापरतात.

आता पुष्कळ घरांत फ्रीज आहे, त्यात बर्फाचा कप्पा आहे. साठवणीचं काम थंडीकडे सोपवलं की साखर फक्त चवीपुरती उरते. माझ्या मते घरगुती सरबतांत गेल्या पन्नास वर्षांत व्हायला हवा होता तो बदल हाच. तो झाला नाही, कारण पाककृती बरणीच्या काळातल्याच राहिल्या.

कोकमापासूनच बघू. अमृत कोकमासाठी पिकलेले रातांबे अर्धे चिरून बिया काढतात, साली वाट्यांसारख्या मांडून त्यांत साखर भरतात आणि काचेची किंवा चिनी मातीची बरणी तोंडाला फडकं बांधून आठवडाभर उन्हात ठेवतात. साखर सालीच्या दीडपट ते दुप्पट. ती सालीतला रस ओढून घेते आणि पाक आपोआप सुटतो. आच लागत नाही. धातूचं भांडं मात्र नको, कोकमाचं आम्ल त्याला खातं.

मिठाची वाट वेगळी. रातांब्याचा रस मीठ घालून ठेवला की झालं आगळ. साली त्याच खारट रसात बुडवून, वाळवून, पुन्हा बुडवून, पुन्हा वाळवून झाली आमसुलं. आगळात वरून घातलेल्या साखरेचा कणही नसतो, म्हणून सरबतासाठीही मी त्याचीच बाजू घेईन. एक ते दीड चमचा आगळ, पेलाभर पाणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि एक चमचा साखर किंवा गूळ एवढ्यात भागतं. वेगळं मीठ घालू नका, ते आत आहेच. मालवण-गोव्याकडचं तिवळ तर साखरेच्या वाटेलाही जात नाही. कोकमाचं पाणी, मीठ, हिरवी मिरची, कोथिंबीर. जेवणाबरोबर घोट घोट घ्यायचं.

त्यात नारळाचं दूध आलं की सोलकढी. इथे दोन गोष्टी पाळल्या तर ती फसत नाही. दूध पहिल्या पिळण्याचं, दाट हवं. आणि कढी म्हटलं तरी ती आचेवर चढवायची नाही. कोकमाच्या आंबटपणाने दुधातली प्रथिनं आधीच गोळा व्हायच्या बेतात असतात, उष्णतेने ती फाटतातच. म्हणून आगळ सगळ्यात शेवटी, ढवळत ढवळत. ठेचलेली लसूण, मिरची घालून गाळून घ्या आणि तासा-दोन तासांत संपवा. पचनाला सोलकढी चांगली असं सगळेच म्हणतात. पण नारळाच्या दुधात स्निग्धांश भरपूर असतो, तेव्हा वाटीभर ठीक, तांब्याभर नको.

रंगाबद्दल एक सांगायलाच हवं. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या द्रव्यांचा. आम्लात ती लाल असतात, आम्ल मारलं की जांभळट-निळसर होतात. विकतच्या आगळाची शंका आली तर चमचाभर आगळात पाणी घालून खाण्याचा सोडा टाकून बघा. खरा रंग पालटतो, बहुतेक कृत्रिम लाल रंग तसाच राहतो. मुलांना हा खेळ भारी आवडतो, बशा मात्र आपल्याला घासाव्या लागतात.

ताजे रातांबे मिळाले तर साली थोड्या पाण्यात वाटून, गाळून तो रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. चौकोनी तुकडे पिशवीत भरून ठेवले की पावसाळाभर पुरतात. देशावर ताजं फळ मिळत नाही. तिथे आमसुलं कोमट पाण्यात तासभर भिजवून कुस्करली तरी चालतं.

पन्ह्याचंही असंच. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ, भिजवलेले हरभरे आणि पन्हं, आणि त्या पन्ह्यात गराच्या दीडपट-दुप्पट गूळ. एकदा गौरीपुढे प्यायलं तर काही बिघडत नाही. पण तोच पाक मे महिनाभर रोज दुपारी चालू झाला की हिशेब सुटतो. गूळ आहे म्हणून चालतं, ही आपली आवडती पळवाट. गुळात साखरेपेक्षा थोडी खनिजं असतात हे खरं, पण मुख्यतः ती साखरच, आणि रक्तातली साखर वाढवण्यात त्याचा हात तेवढाच मोकळा. कैऱ्या उकडून किंवा विदर्भात करतात तशा निखाऱ्यावर भाजून गर काढा आणि काही न घालता गोठवा. लागेल तेव्हा दोन तुकडे विरघळवून पेल्यापुरताच गूळ, वेलची, चिमूट मीठ घाला. भाजलेल्या कैरीला जो धुरकट वास येतो, त्यामुळे गूळ कमी पडला हे लक्षातही येत नाही.

साखर कमी करण्याचा आणखी एक मार्ग जिभेच्या स्वभावातून जातो. पेय जितकं गार, तितका गोडवा जिभेला कमी जाणवतो. बर्फाने काठोकाठ भरलेल्या पेल्यात म्हणूनच जास्त साखर ओतावी लागते. तेच सरबत माठातल्या पाण्यात केलं की एक चमचा कमी पुरतो. चिमूटभर मीठ कडवटपणा दाबतं आणि गोडी वर काढतं. जिरं, वेलची, आलं यांचा वासही मदतीला येतो. माठाची करामत बाष्पीभवनाची, त्यामुळे नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हात तो पाणी झकास गार करतो. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत त्याची फारशी मात्रा चालत नाही. वाळ्याची जुडी दोन्हीकडे टाकावी, वासासाठी.

ताकाला साखर लागत नाही. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं काही प्रमाणात लॅक्टिक आम्ल करतात, म्हणून दूध न सोसणाऱ्या पुष्कळांना ताक सोसतं. लोणी काढलेलं ताक आणि दह्यात पाणी घालून मिक्सरमधून फिरवलेलं ताक या वेगळ्या वस्तू आहेत. दुसऱ्यात दह्याची सगळी साय असते. एवढं सोडलं तर ताकात धोका मिठाचा. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, ही मर्यादा धरली तर पेल्यात अर्धा चमचा घातल्याबरोबर अर्ध्याहून जास्त वाटा संपतो. रक्तदाब असलेल्यांनी मठ्ठ्यात आलं-मिरची-कोथिंबीर वाढवावी, मिठाला हात आखडता घ्यावा. आणि मठ्ठ्याबरोबर जिलबी वाढायला आली तर त्यावर मी काय बोलणार!

आंबील मात्र शहरांनी विनाकारण टाकून दिली. कोल्हापुरात रेणुकेच्या आंबील यात्रेला तिचा अजून मान आहे. नाचणीचं पीठ पाण्यात किंवा ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात सोडून गुठळी होऊ न देता शिजवायचं आणि निवल्यावर ताक, मीठ, जिरं, ठेचलेली लसूण घालायची. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पेल्याला पीठ २० ग्रॅमच लागतं, तेव्हा पिठातून ७० मिलिग्रॅमच्या आसपास मिळणार. ‘हाडांसाठी अमृत’ वगैरे म्हणण्याआधी हा भागाकार करून बघावा. आंबवण्याचा खरा फायदा वेगळा आहे. धान्यातलं फायटेट खनिजांना धरून बसतं, ते आंबवल्याने कमी होतं. शिवाय सकाळी आंबील प्यायलेल्या माणसाला अकरा वाजता बिस्किटाचा पुडा आठवत नाही.

साखर आणि मीठ दोन्ही मोजून घालायचीच, असं एक पेय आहे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगाव इथल्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून द्यायचं सलाइन अपुरं पडलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून रुग्णांना तोंडाने पाजायला लावलं आणि मृत्यू झपाट्याने घटले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९७८मध्ये या उपायामागच्या शोधाला शतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांच्या पंगतीत बसवलं. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी जातं, एवढंच त्याचं मर्म. तयार पुडी हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. साखर याहून वाढली तर उलटा परिणाम होतो, ती पाणी आतड्यात ओढून आणते. म्हणून जुलाब होणाऱ्या मुलाला दाट गोड सरबत पाजू नये, ते कितीही घरचं असलं तरी. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असलं तरी सोडियम कमीच, त्यामुळे तेही या मिश्रणाची जागा घेत नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तर शहाळं डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

बाजारात आवळा आला की तुळशीच्या लग्नापर्यंत त्याचे ढीग लागतात. साखरेऐवजी थंडीवर साठवण्याची सुरुवात त्याच्यापासून करावी. लिंबापेक्षा त्यात क जीवनसत्त्व कित्येक पटींनी जास्त असतं, आणि उकळलं की ते घटतं, म्हणून कच्चाच घ्यायचा. लोखंडी विळीवर चिरू नका. आवळ्यातलं टॅनिन लोखंडाशी भिडून सगळं काळं करतं. स्टीलच्या सुरीने फोडी करा, अर्धा किलोला दोन बोटं आलं, थोडं पाणी घालून वाटा, गाळा आणि ट्रेमध्ये गोठवा. पेल्याला दोन तुकडे, पादेलोण, हवा तर चमचाभर मध. वर्षाखालच्या बाळाला मात्र मध द्यायचा नाही. आणि गाळून उरलेला चोथा टाकू नका, मीठ-हिंग-जिरं लावून ताटात वाळत घाला, त्याची सुपारी होते.