ब्रेकआउट बोर्ड काय करतो, काय करत नाही

भाट्ये खाडीची भरती-ओहोटी मोजायला रास्पबेरी पायला अल्ट्रासॉनिक सेन्सर जोडताय? पायच्या 40 पिना सारख्याच दिसतात. त्यात 11 नंबरची पिन प्रोग्राममध्ये जीपीआयओ 17 असते. ब्रेकआउट बोर्ड रिबन केबलने या पिना ब्रेडबोर्डवर आणतो, शेजारी नावं छापलेली, म्हणजे मोजत बसायला नको. केबलची रंगीत कड मात्र 1 नंबरच्या पिनेकडेच हवी.

व्होल्टेज तो बदलत नाही, हे मी एक पाय जाळून शिकलो (रास्पबेरीचा!). एचसी-एसआर04 चा इको 5 व्होल्ट देतो, पायची पिन 3.3 पर्यंतच सोसते. इको आणि पिनेमध्ये 1 किलोओहम, पिन आणि ग्राउंडमध्ये 1.5 किलोओहम लावा. पिनेवर 3 व्होल्ट येतात. आणि हो, ब्रेडबोर्ड खाडीवर नेऊ नका. आपल्या खाऱ्या हवेत संपर्क गंजतात. तिथे सोल्डरच करा.