लेबलवर ‘अनब्रेकेबल’ छापण्याआधी

डबे, बाटल्या, बॅगा, मोबाईल कव्हर विकताय? मग लेबलवर एखादा जबरदस्त इंग्रजी शब्द टाकायचा मोह होणारच. अनब्रेकेबल, वॉटरप्रूफ, इन्डिस्ट्रक्टिबल. दिसायला भारी, पण प्रत्येक शब्द गिऱ्हाईकाला काहीतरी वचन देतो.

‘अनब्रेकेबल’ म्हणजे कधीच न फुटणारं. ‘शॅटरप्रूफ’ म्हणजे तडा जाईल, पण तुकडे उडणार नाहीत. ‘इन्डिस्ट्रक्टिबल’ म्हणजे नष्टच न होणारं. प्लास्टिकच्या डब्याला हा शब्द कुठून शोभणार? आणि ‘इन्विन्सिबल’ म्हणजे अजिंक्य. तो क्रिकेट टीमला लावा, टिफिनला नको.

खरा गोंधळ ‘प्रूफ’ आणि ‘रेझिस्टंट’मध्ये होतो. प्रूफ म्हटलं की पाणी आत जाणारच नाही, असा अर्थ होतो. रेझिस्टंट म्हटलं की एका मर्यादेपर्यंत जाणार नाही. ती मर्यादा आकड्यात सांगायची पद्धतही आहे: आयपी रेटिंग. आयपीएक्स४ म्हणजे सगळीकडून उडणारे शिंतोडे चालतील. आयपी६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटं ठेवलं तरी चालतं. पण ही चाचणी साध्या पाण्यात होते, समुद्राच्या नाही. हाच फरक सॅमसंगला महाग पडला. फोन स्विमिंग पूल आणि समुद्राच्या पाण्यात वापरता येईल असं जाहिरातीत भासवलं म्हणून ऑस्ट्रेलियाच्या कोर्टाने २०२२ मध्ये तिथल्या कंपनीला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

आपण छोटे, आपल्याला कोण विचारतंय, असं समजू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये जाहिरात म्हणजे फक्त टीव्ही-पेपर नाही. लेबल, वेष्टन आणि बिलसुद्धा त्यात येतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. दंडाचं राहू द्या, पहिल्याच आठवड्यात फुटलेला ‘अनब्रेकेबल’ डबा घेऊन गिऱ्हाईक काउंटरवर आलं, तर बोलणार काय?

त्यापेक्षा माल स्वतः आपटून बघा. दहा डबे घ्या, ओट्याच्या उंचीवरून फरशीवर टाका. काही डबे आधी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, कारण पॉलिप्रॉपिलीन गारठलं की ठिसूळ होतं. भरलेला डबाही टाका, रिकाम्यावर जाऊ नका. सगळे टिकले तर लेबलवर लिहा: ‘ओट्यावरून पडला तरी फुटत नाही, फ्रीझरमधून काढल्यावर जपून वापरा.’