न लिहिलेल्या संवादांचा बादशहा

चार्ली चॅप्लिन 1910 साली फ्रेड कार्नोच्या कंपनीबरोबर अमेरिकेत गेला, तेव्हा तिथे व्हॉडव्हिलचा जमाना होता. एकाच तिकिटात गाणं, नाच, जादू, कसरत आणि मधूनमधून विनोदी प्रहसन. आपल्याकडे हे काम तमाशानं केलं. गण, गवळण, बतावणी, लावणी आणि शेवटी वग, हा त्याचा क्रम. आणि या सगळ्यातून हिंडणारा माणूस म्हणजे सोंगाड्या. त्यांच्यातला माझा सर्वांत आवडता, दादू इंदुरीकर.

त्यांचं खरं नाव गजानन राघू सरोदे. जन्म 1928 चा. तळेगाव दाभाड्याजवळचं, मावळातलं इंदोरी हे गाव, त्यावरून इंदुरीकर. आमच्या पावण्याच्या कारखान्यांत पुणे-साताऱ्याकडून कामाला आलेली जुनी माणसं आहेत. त्यांच्यासमोर दादूंचं नाव काढलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, ‘गाढवाचं लग्न!’

हरिभाऊ वडगावकरांचा हा वग. इंद्राच्या शापानं गंधर्वाचा गाढव होतो, ते गाढव सावळ्या कुंभाराच्या दारी येतं आणि चक्क राजकन्येशी लग्नाचा हट्ट धरतं. दादू झाले सावळ्या, प्रभा शिवणेकर झाल्या त्याची बायको गंगी. गोष्ट म्हटली तर पोराटोरांची. पण गाढवाचं स्थळ घेऊन राजाच्या दारात उभा राहिलेला अडाणी कुंभार दिवाणजीच्या प्रत्येक शब्दाचा सरळ अर्थ लावत जातो, आणि सरळ अर्थ लावला की दरबार आपोआप हास्यास्पद ठरतो. समोर बसलेल्या शेतकऱ्याला त्यात आपला तलाठी दिसायचा, मामलेदार दिसायचा. हसणं असं उगीच येत नाही.

आता यातलं कसब पाहा. वगाचं कथासूत्र ठरलेलं असे, बोलणं मात्र बरंचसं आयत्या वेळचं. बतावणीत सरदार विचारणार, सोंगाड्या शब्द उलटा पकडणार. ज्या गावात खेळ, तिथल्या पाटलाचा, जत्रेचा, त्या साली न पडलेल्या पावसाचा उल्लेख त्यात घुसणार. टाळी कुठे आली यावर पुढचं वाक्य ठरणार. साथीदारालाही तेवढंच सावध राहावं लागे, कारण आपल्याकडे चेंडू कधी येईल याचा नेम नाही.

दादूंनी हा खेळ फडाच्या कनातीतून शहरी नाट्यगृहांत आणला. तमाशा म्हटलं की नाक मुरडणाऱ्या पांढरपेशा प्रेक्षकानंही तो पाहिला. 1973 साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. 1980 मध्ये ते गेले, वय फक्त बावन्न.

पुढे प्रकाश इनामदारांनी सावळ्या रंगवला, 2007 मध्ये मकरंद अनासपुरेंचा चित्रपट आला. दोन्ही आपापल्या जागी ठीक. पण कागदावर उरतो तो वग, दादूंची त्या त्या रात्रीची उत्तरं उरत नाहीत. हे दुखणं तसं जुनंच आहे. आमच्या शेजारी वाशीच्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे, त्या विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ‘सीतास्वयंवर’ केलं. त्यातली पदं लिहिलेली होती, ती आजही वाचता येतात. नटांची आणि विदूषकाची भाषणं मात्र ज्याची त्यानं उभ्याउभ्या रचलेली.