मुलाखतीत कुणी ‘नापास’ होत नाही

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेचा निकाल लागला की पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. ‘मुलाखतीचं बोर्ड किती पायऱ्या चढून आलास ते विचारतं.’ ‘इंग्रजी कच्चं असेल तर संपलंच.’ हे सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी या मुलाखती होतात ते दिल्लीचं धोलपूर हाऊस बाहेरूनही पाहिलेलं नसतं.

आधी हिशेब. नागरी सेवा परीक्षेत लेखीला १७५० गुण, मुलाखतीला २७५, एकूण २०२५. महाराष्ट्राच्या राज्यसेवा परीक्षेलाही २०२५ पासून हीच मांडणी आली आहे. म्हणजे केंद्राच्या परीक्षेत मुलाखतीचा वाटा चौदा टक्क्यांहून थोडा कमी, आणि तिथे किमान गुणांची अटच नाही. त्यामुळे ‘पोरगा मुलाखतीत नापास झाला’ हे गावभर पसरणारं वाक्य मुळातच चुकीचं आहे. नाव लागतं किंवा हुकतं ते दोन्हींच्या बेरजेवर. त्यातून जागांच्या साधारण दुप्पट उमेदवार बोलावलेले असतात. निम्मे परत येणार हे आधीच ठरलेलं असतं. मात्र क्रम, आणि त्यामागोमाग सेवा व केडर, थोड्या गुणांनी बदलतात. म्हणून तयारी हवीच. प्रश्न एवढाच, की कशाची?

बहुतेक जण इथेच चुकतात आणि पुन्हा चालू घडामोडींच्या ढिगाखाली जाऊन बसतात. आयोगाच्या अधिसूचनेत स्पष्ट म्हटलं आहे, की ही सामान्य ज्ञानाची चाचणी नाही. ती लेखीत झालेली असते. हेतू ठेवून केलेल्या सहज गप्पांतून माणूस पाहायचा, उलटतपासणी करायची नाही, असं मुलाखतीचं स्वरूप तिथे सांगितलेलं आहे. बोर्डापुढे असतो तुम्ही भरलेला सविस्तर अर्ज, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘डॅफ’. खरा अभ्यासक्रम तोच. गाव, जिल्हा, पदवीचा विषय, आधीची नोकरी, छंद: यातल्या प्रत्येक शब्दावर दहा मिनिटं बोलता यायला हवं. छंदात ‘गडकिल्ल्यांची भटकंती’ लिहिणाऱ्याला २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठा किल्ल्यांपैकी अकरा महाराष्ट्रात असताना बारावा, जिंजी, तमिळनाडूत कसा, हे सांगता आलंच पाहिजे. राजाराम महाराज तिथे का गेले, इथपर्यंत गप्पा जाऊ शकतात. सांगलीच्या उमेदवाराला हळदीच्या बाजाराबद्दल किंवा २०१९ च्या महापुराबद्दल विचारलं आणि तो गोंधळला, तर जगभरच्या करारांची पाठांतरं काय कामाची? आणि छंद ‘वाचन’ असेल, तर शेवटचं पुस्तक कधी संपवलं ते निदान स्वतःला तरी ठाऊक असावं.

इंग्रजीची भीती सर्वांत जुनी आहे. मुख्य परीक्षा मराठीतून देणाऱ्याला मुलाखतही मराठीतून देता येते; तसं अर्जात नोंदवावं लागतं आणि आयोग दुभाषा देतो. लेखी इंग्रजीतून दिली तर मुलाखतही इंग्रजीतूनच, हे बंधन २०११ मध्ये सैल झालं. मराठी निवडल्याने गुण कापले जातात असा कुठलाही नियम नाही. अडचण आहे ती वेगळी. तुमचं उत्तर दुभाष्याच्या तोंडून पोचतं, म्हणून वाक्यं आटोपशीर हवीत. पाच ओळींचं एक वाक्य बोललात तर त्यातलं काय पलीकडे पोचेल याचा भरवसा नाही. दुभाष्यासारखं कुणीतरी शेजारी बसवून दोन-तीन वेळा सराव करावा. क्लासमध्ये हे फारसं कुणी करून घेत नाही.

मग येतो तो प्रसिद्ध आकडा: ‘छाप त्र्याण्णव टक्के देहबोली आणि आवाजाची, शब्दांची फक्त सात.’ तो अल्बर्ट मेहरेबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ च्या प्रयोगांतला आहे. तिथे लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवून आणि चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवून बोलणाऱ्याची भावना ओळखायला सांगितलं होतं. हा आकडा भावना-आवडीपलीकडच्या संभाषणाला लागू नाही, असं मेहरेबियन यांनीच पुढे बजावलं. जिल्ह्याच्या पाणीप्रश्नावरचं उत्तर हाताच्या हालचालींनी तरत नाही. ताठ बसा, विचारणाऱ्याकडे पाहून बोला, इस्त्रीचे साधे कपडे घाला. साडी की सलवार-कमीज, कोट कोणत्या रंगाचा, यावर रात्री जागवू नका.

‘माहीत नाही म्हटलं की गुण गेले’ हाही असाच ग्रह. निर्णयातला समतोल आणि बौद्धिक प्रामाणिकपणा हे आयोगाने लिहून ठेवलेले निकष आहेत. समोरच्या तज्ज्ञाची हयात त्या विषयात गेलेली असू शकते. थाप मारली तर पुढचे तीन प्रश्न त्याच थापेवर येतात. अंदाज बांधायचा असेल तर तो अंदाज आहे हे सांगून परवानगी मागावी.

बोर्ड कोणतं मिळेल हे त्याच दिवशी तिथे कळतं, त्यामुळे ‘अमक्याचं बोर्ड कडक’ या चर्चेतून हाती काही लागत नाही. लेखीचे गुणही बोर्डापुढे ठेवलेले नसतात.

राहिल्या सरावमुलाखती, म्हणजे मॉक. तीन-चार पुरतात. पंधरा ठिकाणी फिरलात तर एक म्हणतो जास्त हसता, दुसरा म्हणतो हसतच नाही, आणि तुम्ही मधल्यामधे लोंबकळता. एका मॉकचं ध्वनिमुद्रण करून घरी ऐका. प्रश्न संपण्याआधीच आपण उत्तर सुरू करतो का, तेवढं तपासा.